स्टार्टएक्स की लाइटडीएम : हलक्या विंडो मॅनेजरसाठी लॉगिनची निवड

लिनक्सवर आयथ्री, ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम किंवा डीडब्ल्यूएम यांसारखा हलका विंडो मॅनेजर (खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरायचे ठरवले की गनोम आणि केडीई प्लाझ्मा ही मोठी डेस्कटॉप परस्पर घेऊन टाकतात असे अनेक निर्णय आपल्याला स्वतः घ्यावे लागतात. त्यांतला पहिला निर्णय संगणक सुरू होताच समोर उभा राहतो : काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाइप करून ‘स्टार्टएक्स’ या आज्ञेने ग्राफिकल सत्र सुरू करायचे, की डिस्प्ले मॅनेजर बसवून त्याच्या खिडकीतून आत जायचे. डेबियन १२ वर आयथ्री वापरताना हे दोन्ही मार्ग रोजच्या कामासाठी वापरून हे परीक्षण लिहिले आहे. डिस्प्ले मॅनेजर म्हणून लाइटडीएम आणि त्याचा जीटीके ग्रीटर, म्हणजे लॉगिनची खिडकी दाखवणारा भाग, घेतला आहे, कारण हलक्या मांडणीसाठी बहुतेक जण त्याचाच विचार करतात. माझे मत आधीच सांगतो. ज्या लॅपटॉपवर एकच माणूस काम करतो तिथे स्टार्टएक्स सरस आहे, आणि जिथे एकापेक्षा जास्त माणसे बसतात तिथे लाइटडीएमला पर्याय नाही. या निवडीत मेमरी किती वाचते हा मुद्दा सर्वांत जास्त चर्चिला जातो, पण तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे.

डिस्प्ले मॅनेजर ही कल्पना मुळात कोणासाठी जन्मली हे लक्षात घेतले तर पुढचे बरेच काही उलगडते. एक्सडीएम हा या जातीचा पहिला प्रोग्रॅम १९८८ मध्ये एक्स११ या, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीच्या, तिसऱ्या प्रकाशनाबरोबर आला, आणि तो आला तो त्या सुमारास बाजारात येऊ लागलेल्या एक्स टर्मिनलांसाठी. या टर्मिनलात पडदा, कीबोर्ड आणि माउस असे, पण प्रत्यक्ष काम दूरच्या मोठ्या यंत्रावर चाले. त्यामुळे टर्मिनल चालू करताच कोणीतरी ‘तुम्ही कोण’ असे विचारून योग्य माणसाचे सत्र सुरू करून देणे आवश्यक होते. एका यंत्रावर अनेक माणसे, अनेक पडदे आणि अनेक सत्रे असतील तर डिस्प्ले मॅनेजरचे काम खरोखरच मोठे असते. एका माणसाच्या एका लॅपटॉपवर मात्र यांतले जवळजवळ काहीच उरत नाही; उरतो तो पासवर्ड विचारण्याचा आणि एक सत्र सुरू करण्याचा भाग, आणि तेवढे काम कन्सोलवरचा, म्हणजे त्या काळ्या अक्षरी पडद्यावरचा, ‘लॉगिन’ हा प्रोग्रॅम कितीतरी आधीपासून करत आला आहे.

मेमरीचा मुद्दा थोडक्यात निकालात काढतो. जीडीएम बसवला तर लॉगिनची खिडकी दाखवण्यासाठी तो खुद्द गनोम शेलच चालवतो, त्यामुळे हलक्या यंत्रावर तो बसवण्यात काहीच अर्थ नाही; एसडीडीएम बसवला तर त्याच्याबरोबर क्यूटीची ग्रंथालये येतात, जी प्लाझ्मा किंवा एलएक्सक्यूटी वापरणाऱ्याकडे आधीच असतात, पण आयथ्री वापरणाऱ्याकडे बहुधा नसतात. लाइटडीएमचे तसे नाही. लॉगिन झाले की त्याचा ग्रीटर बंद होतो आणि मागे एक लहानसा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) आणि सत्राची देखरेख करणारी त्याची एक प्रोसेस एवढेच उरते. ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी याहून जास्त रॅम जाते. केवळ रॅम वाचवण्यासाठी कोणी लाइटडीएम काढून टाकणार असेल, तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. संगणक सुरू होण्याच्या वेळातला फरकही लॅपटॉपला एसएसडी असेल तर जाणवण्याइतका नसतो.

खरा फरक लॉगिननंतर प्रोसेसची यादी उघडून पाहिली की दिसतो. लाइटडीएममधून आत आल्यावर एक्सऑर्ग हा एक्सचा डिस्प्ले सर्व्हर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चाललेला दिसतो. स्टार्टएक्सने आत आल्यावर लॉगिन, त्याखाली स्टार्टएक्सची स्क्रिप्ट, त्याखाली एक्सइनिट, आणि त्याच्या पोटात एक्सऑर्ग आणि आयथ्री अशी सरळ उतरंड दिसते, जिच्यात एक्सऑर्गसुद्धा आपल्याच नावाने, कोणत्याही विशेष अधिकाराविना चालत असतो. डेबियनमध्ये ही सोय २०१७ साली नवव्या आवृत्तीपासून आली. तिच्यासाठी सत्रांची नोंद ठेवणारा सिस्टिमडी-लॉगइनडी हवा, ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नल मोडसेटिंगवर (पडद्याची मांडणी लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ठरवण्याच्या पद्धतीवर) चालणारा हवा, आणि ज्या आभासी कन्सोलवर लॉगिन केले त्याच कन्सोलवर एक्स सुरू व्हायला हवा. इंटेल किंवा एएमडीचे ग्राफिक्स असलेल्या साध्या लॅपटॉपवर या तिन्ही अटी आपोआप पूर्ण होतात. त्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणातच म्हटले होते की डिस्प्ले मॅनेजरांपैकी फक्त जीडीएमला हे जमते आणि इतर सर्व एक्सला रूट म्हणूनच चालवतात. लाइटडीएमच्या बाबतीत डेबियन १२ मध्येही तेच आहे.

हा फरक पुस्तकी नाही. एकेकाळी स्टार्टएक्सच जास्त धोक्याचा होता, कारण साध्या वापरकर्त्याला एक्स सुरू करता यावा म्हणून एक्सऑर्गच्या फाइलला सेटयूआयडी रूट (कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालणारी) ठेवावे लागे, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१८-१४६६५ या त्रुटीने त्यातली जोखीम सर्वांसमोर आणली. ‘मॉड्यूलपाथ’ आणि ‘लॉगफाइल’ या आज्ञेतल्या दोन पर्यायांचा गैरवापर करून यंत्रावर खाते असलेल्या कोणालाही रूटचे अधिकार मिळवता येत होते, १.२०.३ या आवृत्तीत ती त्रुटी दुरुस्त झाली. आता डेबियनवर ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी’ हे पॅकेज बसवलेले नसेल तर सेटयूआयडीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून स्टार्टएक्स वापरणाऱ्याने हे पॅकेज आपल्या यंत्रावर आहे का हे एकदा पाहून घ्यावे आणि जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी त्याची गरज नसेल तर ते काढून टाकावे. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरणाऱ्यांनी मात्र मोडसेटिंग चालू आहे याची खात्री केल्याशिवाय हे करू नये.

दुसरा फरक काहीतरी बिघडते तेव्हा कळतो. होम फोल्डर असलेले विभाजन काठोकाठ भरले, किंवा कधीतरी ‘सुडो’ लावून एक्स सुरू केल्यामुळे होममधील ‘.एक्सऑथॉरिटी’ ही फाइल रूटच्या मालकीची झाली, तर लाइटडीएममध्ये पासवर्ड बरोबर टाकूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच लॉगिनची खिडकी समोर येते. पासवर्ड चुकला असे ती म्हणत नाही आणि नेमके काय चुकले तेही सांगत नाही, आणि ‘.एक्ससेशन-एरर्स’ या फाइलीत पाहावे तर डिस्कच भरलेली असल्याने तीसुद्धा लिहिली गेलेली नसते. लिनक्सशी नवा परिचय असलेला माणूस अशा वेळी संपूर्ण सिस्टिम पुन्हा बसवायला घेतो. कन्सोलवर याच परिस्थितीत ऑथॉरिटी फाइल लिहिता येत नाही, डिस्कवर जागा उरलेली नाही, असे स्पष्ट शब्द पडद्यावर येतात आणि तिथल्या तिथे जागा मोकळी करता येते. लाइटडीएमवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबले की तिथूनही कन्सोल मिळतोच. परंतु हे ज्याला ठाऊक आहे त्याचीच सुटका होते.

आता मराठी टायपिंगकडे येतो, कारण स्टार्टएक्सकडे वळलेल्यांना सर्वांत जास्त त्रास इथे होतो आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याची दखल क्वचितच घेतलेली असते. जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शिका होम फोल्डरमध्ये ‘.एक्सइनिटआरसी’ नावाची फाइल करून तीत ‘एक्झेक आयथ्री’ अशी एक ओळ लिहायला सांगते. तसे केले की आयथ्री सुरू होतो, सर्व काही ठीक वाटते, आणि मग लिबरऑफिसमध्ये मराठी लिहायला जावे तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम चालूच नसतो. याचे कारण असे की डेबियनमध्ये ग्राफिकल सत्राची सगळी पूर्वतयारी ‘ईटीसी’मधील ‘एक्ससेशन.डी’ या फोल्डरातल्या छोट्या स्क्रिप्ट करतात : ‘इम-कॉन्फिग’ने निवडलेली आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही इनपुट पद्धत सुरू करणे, जीटीके आणि क्यूटीच्या प्रोग्रॅमांना तिचे नाव कळवणे, एसएसएच-एजंट उभा करणे, डीबसवरून सुरू होणाऱ्या सेवांना पडद्याचा पत्ता पुरवणे. लाइटडीएम आपले प्रत्येक सत्र याच वाटेने नेतो. आपण स्वतःची ‘.एक्सइनिटआरसी’ लिहिली की ही पूर्ण वाट ओलांडून थेट आयथ्रीकडे उडी घेतली जाते, आणि मग आयबसचे तीन व्हेरिएबल्स, डीमन सुरू करण्याची ओळ, एजंटची ओळ अशी एकेक भर त्या फाइलीत घालत बसावे लागते.

यावर डेबियनमध्ये फार सुटसुटीत उपाय आहे आणि तो जास्त लोकांना माहीत असायला हवा. ‘.एक्सइनिटआरसी’ मुळीच करू नये, त्याऐवजी ‘.एक्ससेशन’ नावाची फाइल करावी आणि ‘एक्झेक आयथ्री’ ही ओळ तीत लिहावी. स्वतःची ‘.एक्सइनिटआरसी’ नसेल तर स्टार्टएक्स सिस्टिमची मूळ स्क्रिप्ट चालवतो, ती स्क्रिप्ट ‘एक्ससेशन’ची संपूर्ण तयारी करते आणि अखेरीस आपल्या ‘.एक्ससेशन’कडे सूत्रे देते. आयबस आपोआप उभा राहतो. आणखी एक लाभ असा की लाइटडीएमच्या सत्रांच्या यादीत ‘डिफॉल्ट एक्ससेशन’ निवडले तर तोही हीच फाइल वाचतो. म्हणजे उद्या मार्ग बदलला तरी मांडणी बदलावी लागत नाही. आर्च लिनक्सवर ही रचना वेगळी आहे. तिथे ‘.एक्सइनिटआरसी’च लिहावी लागते, आणि तिच्या सुरुवातीला ‘एक्सइनिटआरसी.डी’ या फोल्डरातल्या स्क्रिप्ट वाचण्याचा भाग मूळ नमुन्यातून जसाच्या तसा ठेवावा लागतो. तो भाग गाळला तर सिस्टिमडीच्या वापरकर्ता-सेवांना ग्राफिकल पडद्याचा पत्ताच कळत नाही.

ज्यांना आयबसच नको आहे त्यांच्यासाठी दोन्ही मार्ग सारखेच आहेत, कारण ‘सेटएक्सकेबीमॅप’ने इंग्रजीबरोबर मराठीचा कागप ध्वन्यात्मक आराखडा दुसरा म्हणून लावता येतो आणि त्याला कोणत्याही डीमनची गरज लागत नाही. इथे एक सावधगिरी बाळगावी. देवनागरी आराखडा चालू असताना आयथ्रीच्या जोडीच्या ‘आयथ्रीलॉक’ने पडदा कुलूपबंद केला तर परतल्यावर पासवर्डही देवनागरीतच टाइप होतो आणि अर्थातच नाकारला जातो, आणि कुलपाच्या साध्या पडद्यावर कोणता आराखडा चालू आहे हे कळत नाही. आराखडा बदलण्याची कळ दाबून पुन्हा प्रयत्न केला की काम होते, पण ती कळ लक्षात असावी लागते. लाइटडीएमच्या जीटीके ग्रीटरला वरच्या पट्टीत चालू आराखडा दाखवण्याची सोय आहे, आणि मराठी टाइप करणाऱ्यासाठी ती मोलाची आहे.

कन्सोलची एक मर्यादा मात्र कोणत्याही सेटिंगने दूर होत नाही. लिनक्स कर्नलचा अक्षरी कन्सोल एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ चिन्हांचा फाँट वापरतो आणि त्याला अक्षरे जोडण्याची विद्या अवगत नाही. त्यामुळे काना-मात्रा आणि जोडाक्षरे असलेली देवनागरी त्याच्यावर उमटत नाही. संपूर्ण सिस्टिमची भाषा मराठी ठेवली तर कन्सोलवर साधी ‘डेट’ ही आज्ञा दिली तरी वाराच्या आणि महिन्याच्या जागी निरर्थक चौकोन येतात. म्हणून स्टार्टएक्स वापरणाऱ्या मराठी माणसाने सिस्टिमची भाषा भारतीय इंग्रजी ठेवावी आणि मराठी लोकेल (भाषेचे सेटिंग) ‘.एक्ससेशन’मध्ये, आयथ्रीच्या ओळीच्या आधी, एक्सपोर्ट करावे. कन्सोलवर इंग्रजी संदेश स्वच्छ वाचता येतात आणि ग्राफिकल सत्रातले मेनू, तारखा आणि फाइल मॅनेजर मराठीत येतात. ही मांडणी मला इतकी सोयीची वाटते की लाइटडीएम वापरतानाही मी तीच ठेवतो, कारण बिघाडाच्या वेळी शेवटी कन्सोलवरच यावे लागते.

कीरिंगचा, म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीचा, विषय लहान आहे, पण तो टाळता येत नाही. क्रोमियम, इव्हॉल्यूशन किंवा नेटवर्कमॅनेजरचा अ‍ॅप्लेट आपले पासवर्ड गनोम कीरिंगमध्ये ठेवत असतील, तर लाइटडीएममधून लॉगिन करताना ती तिजोरी त्याच पासवर्डने उघडते, कारण लाइटडीएमच्या पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) फाइलीत तशा ओळी आधीच असतात. कन्सोलच्या ‘लॉगिन’ या पॅम फाइलीत त्या नसतात आणि त्यामुळे सत्र सुरू झाल्यावर पासवर्ड पुन्हा विचारला जातो. ‘ऑथ’ची एक आणि ‘सेशन’ची एक अशा दोन ओळी तिथे घातल्या की हा प्रश्न कायमचा मिटतो. पॅमची फाइल बदलताना दुसऱ्या कन्सोलवर रूटने लॉगिन करून ठेवावे, कारण तिथली एक चूक सर्वांनाच बाहेर ठेवू शकते.

दर वेळी स्टार्टएक्स टाइप करायचे नसेल तर ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये एक छोटी अट लिहितात : डिस्प्ले हे व्हेरिएबल रिकामे असेल आणि आपण पहिल्या कन्सोलवर असू, तर ‘एक्झेक स्टार्टएक्स’ चालवावे. या ओळीतला ‘एक्झेक’ हा शब्द कधीही गाळू नये. तो नसेल तर एक्सच्या खाली आपले लॉगिन झालेले शेल तसेच जागे राहते, आणि कोणत्याही कारणाने एक्स बंद पडला, मग तो कोसळला असो किंवा कंट्रोल, ऑल्ट, बॅकस्पेस ही जोडकळ चालू ठेवली असेल तर कोणी मुद्दाम मारला असो, पडद्यावरचे कुलूप नाहीसे होऊन समोर उघडे शेल येते. ‘एक्झेक’ असेल तर शेलची जागाच स्टार्टएक्स घेतो, आणि तो संपला की पुन्हा लॉगिनची विचारणा येते. एक्स सातव्या कन्सोलवर आणि शेल पहिल्यावर, अशी जुनी मांडणी होती तेव्हा हा धोका याहून मोठा होता, कारण नुसते पहिल्या कन्सोलवर जाऊन कंट्रोल-सी दाबले तरी पुरे होई. आता दोन्ही एकाच कन्सोलवर असल्यामुळे तेवढे सोपे राहिलेले नाही, तरीही हा शब्द लिहायला काहीच खर्च येत नाही. ‘एक्झेक’मुळे त्रुटींचे संदेशही लॉगिनच्या विचारणेबरोबर पुसले जातात, म्हणून स्टार्टएक्सचे सर्व आउटपुट एखाद्या फाइलीत वळवून ठेवावे, आणि अट फक्त पहिल्या कन्सोलपुरती ठेवली की ‘.एक्ससेशन’मध्ये टायपिंगची चूक झाली तरी दुसऱ्या कन्सोलवरून ती दुरुस्त करता येते.

येथवर झुकते माप स्टार्टएक्सला मिळाले आहे, आणि एकट्याच्या यंत्रासाठी ते योग्यच आहे. पण घरातला संगणक जेव्हा आई, मुलगी आणि आजोबा असे तिघे वापरतात तेव्हा हाच हिशेब पूर्णपणे बदलतो. कन्सोलवर वापरकर्त्याचे नाव रोमन लिपीत, अचूक स्पेलिंगने टाइप करावे लागते आणि पासवर्ड टाइप होत असताना पडद्यावर ताराचिन्हही उमटत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला कीबोर्ड बंद पडला असेच वाटते. लाइटडीएममध्ये वापरकर्त्यांची यादी दाखवण्याचे सेटिंग चालू केले, जे डेबियनमध्ये मुद्दाम बंद ठेवलेले असते, की प्रत्येकाचे चित्र आणि पूर्ण नाव दिसते. ते नाव देवनागरीत नोंदवलेले असेल आणि लोहित किंवा नोटो यांपैकी एखादा फाँट बसवलेला असेल, तर ते जोडाक्षरांसह नीट उमटते, कारण तिथे अक्षरे रेखाटण्याचे काम पँगो हे ग्रंथालय करते. पडद्यावर आपले नाव आपल्या लिपीत दिसले आणि त्यावर टिचकी मारून आत जाता आले, तर वयस्कर माणूस संगणकापाशी न बिचकता बसतो. मला ही गोष्ट थोड्याशा रॅमपेक्षा आणि रूटविना चालणाऱ्या एक्सपेक्षाही जास्त महत्त्वाची वाटते.

याच ग्रीटरमध्ये मोठी अक्षरे, गडद रंगसंगती आणि पडद्यावरचा कीबोर्ड यांची सोयही आहे. मुलीचे सत्र चालू ठेवून आजोबांना आपल्या सत्रात जायचे असेल तर ‘डीएम-टूल’च्या एका आज्ञेने ग्रीटर पुन्हा समोर येतो, ती आज्ञा आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये एखाद्या कळीला जोडून ठेवावी. स्टार्टएक्सच्या मार्गानेही दुसऱ्या कन्सोलवर दुसरे सत्र सुरू करता येते, परंतु कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून इंग्रजीत लॉगिन करण्याची अपेक्षा घरच्या सर्वांकडून ठेवणे रास्त नाही. बारीक ठिपक्यांच्या नव्या पडद्यावर कन्सोलची अक्षरे मुंगीएवढी दिसतात, ही तक्रारही खरी आहे. तिच्यावर उपाय आहे, कारण कर्नलच्या ५.० या आवृत्तीपासून टर्मिनस हा १६ बाय ३२ ठिपक्यांचा फाँट कर्नलमध्येच समाविष्ट करता येतो आणि डेबियनवर ‘कन्सोल-सेटअप’ पुन्हा चालवून तो निवडता येतो, पण हे काम आपण स्वतः करायचे असते.

ज्यांनी बसवतानाच पूर्ण डिस्क लक्स या लिनक्सच्या सोयीने कूटबद्ध केली आहे त्यांना संगणक सुरू होताना एक पासवर्ड द्यावाच लागतो, आणि यंत्र एकट्याचे असेल तर लगेच दुसरा विचारणे निरर्थक असते. अशांनी पहिल्या कन्सोलच्या गेटीला (लॉगिनची विचारणा करणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘ऑटोलॉगिन’चा पर्याय द्यावा, सिस्टिमडीमध्ये त्या सेवेची एक छोटी पूरक फाइल लिहिली की झाले, आणि वरची ‘.बॅश_प्रोफाइल’मधली अट पुढचे सगळे पाहते. पासवर्ड न विचारल्याने कीरिंग मात्र अशा वेळी बंदच राहते. डिस्क कूटबद्ध नसेल तर लॅपटॉपवर हे करू नये. रास्पबेरी पायच्या ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये अनेक वर्षे नेमके हेच चार पर्याय शेजारी-शेजारी दिलेले असत, कन्सोल, कन्सोल ऑटोलॉगिनसह, डेस्कटॉप, आणि डेस्कटॉप ऑटोलॉगिनसह, इतकी स्पष्ट मांडणी मोठ्या वितरणांच्या इन्स्टॉलरमध्येही असायला हवी होती.

या दोहोंच्या मधला एक मार्गही आता चांगला तयार झाला आहे. ‘लाय’ आणि ‘ग्रीटडी’ हे दोन डिस्प्ले मॅनेजर कन्सोलवरच अक्षरांनी आखलेली चौकट दाखवतात, तिच्यात सत्र निवडता येते, आणि लॉगिनसाठी वेगळा एक्स सर्व्हर लागत नाही. ग्रीटडीला स्वतःचा चेहरा नाही. त्याच्यावर ‘ट्युईग्रीट’सारखा ग्रीटर चढवावा लागतो. एक्सवरचा आयथ्री आणि वेलँड या एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या प्रणालीवरचा स्वे असे दोन्ही आलटूनपालटून वापरणाऱ्याला हे फार सोयीचे पडतात. केवळ स्वे वापरणाऱ्याला तर याचीही गरज नाही, कारण स्वेच्या माहितीपत्रकातच तो कन्सोलवरून थेट सुरू करावा असे म्हटले आहे आणि डिस्प्ले मॅनेजरांना अधिकृत पाठिंबा दिलेला नाही. देवनागरीबाबत मात्र लाय आणि ट्युईग्रीट दोघेही कन्सोलच्याच मर्यादेत अडकलेले आहेत, त्यामुळे घरातल्या सामायिक संगणकासाठी ते लाइटडीएमची जागा घेऊ शकत नाहीत. जुन्या मार्गदर्शिकांत हमखास सुचवला जाणारा स्लिम आता बसवू नये, त्याची १.३.६ ही आवृत्ती २०१३ साली आली आणि त्यानंतर मूळ प्रकल्पाचे काम थांबले.

लाइटडीएम आधीच बसवलेला असेल आणि स्टार्टएक्स वापरून पाहायचा असेल तर तो काढून टाकण्याची आवश्यकता नाही. ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘सेट-डिफॉल्ट’ देऊन ‘मल्टी-युजर’ हे टार्गेट ठरवले की पुढच्या वेळी संगणक कन्सोलवर थांबतो, आणि ‘ग्राफिकल’ टार्गेट ठरवले की पूर्ववत होतो. कन्सोलवर थांबलेल्या यंत्रावर कोणी पाहुणा किंवा घरातले दुसरे माणूस बसणार असेल तर ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट लाइटडीएम’ एवढी आज्ञा रूटच्या अधिकाराने दिली की ग्रीटर उघडतो आणि त्यांचे लॉगिन नेहमीसारखे होते. केवळ कन्सोलची बाजू एकदा पाहायची असेल, तर सुरू होताना ग्रबमध्ये, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या मेनूत, ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ३ हा आकडा लिहिला तरी तेवढ्या वेळेपुरता कन्सोल मिळतो, आणि सिस्टिममध्ये कोणताच कायमचा बदल होत नाही.